सामुद्रिक

आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलाच नव्हता, तिथेच सगळा घोळ झाला. गाव पारोळ्याच्या पलीकडे. तिथून थेट कोचीला समुद्रशास्त्र शिकायला गेलेला मी पहिलाच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पारावर छाती फुगवून सांगितलं, "मना पितांबर सामुद्रिक शिकी ऱ्हायना." आता सामुद्रिक म्हणजे हात पाहून भविष्य सांगायची विद्या. झालं! सुट्टीत घरी आलो की ओसरीवर तळहातांची रांग लागायची.

सांगून सांगून माझा घसा बसला. समुद्राचं पाणी किती खारट, किती गार, तळ किती खोल, हे मी शिकतो. पुढे संशोधन संस्थेत नोकरी मिळते, बंदरात मिळते, समुद्रात तेल शोधणाऱ्या कंपनीत मिळते. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा हात पुढे करायचे. शेजारची भागाबाई म्हणायची, "ते बठ्ठं ठीक शे, पन मनी पोरनं लगीन कव्हय?" मला हसू यायचं, चीडही यायची.

एकोणनव्वद साली मात्र हसू आलं नाही. शिक्षण संपलं होतं, गोव्याहून निघणाऱ्या संशोधन जहाजावर मला काम मिळालं होतं, आणि जाण्याआधी मी घरी आलो होतो. तेव्हा झुलालनाना आले. नाना आबांचे थोरले भाऊ. लहानपणी मला खांद्यावर बसवून पारोळ्याचा किल्ला दाखवला तो त्यांनीच. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, आत्ता ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, उशीर केला तर काही खरं नाही.

नानांनी माझ्यासमोर हात उघडला. "पितांबर, दुसरास्ना नको देखू. मना देख. ऑपरेशनमा मी वाचसू का?"

"नाना, देवनी आन, माले हातमानं काहीच समजत नही. डॉक्टरले समजस. सकायच जा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हात हळूच मागे घेतला.

"समजनं. चांगलं ऱ्हातं ते सांगी टाकता तू."

हात पाहणारा वाईट दिसलं की गप्प बसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. माझं खरं बोलणंच त्यांना गप्प बसणं वाटलं होतं. मी घाईघाईने त्यांचा हात ओढला आणि जन्मात पहिल्यांदा भविष्य सांगितलं. "ही देख रेघ, नाना, मनगटलगून जास. ऐंशी वरीस जगशात. जा ऑपरेशनले!"

नाना हसले. मायेने हसले, हेच वाईट. "आते मन राखाले सांगस, बेटा."

नंतर त्यांच्या बायकोने, वच्छलाकाकूंनी, ऑपरेशनला जा म्हणून त्यांचे पाय धरले. आबा तर रडले. "भाऊ, त्यानी विद्या येगळी शे, मीच चुकीनं सांगं," म्हणाले. नाना कुणावर रागावले नाहीत. "पोऱ्यानी देखी लिधं. आते फाडाफाडी कशाले?" एवढंच म्हणायचे. चार बुकं शिकलेला मी, आणि माझ्याच शब्दाला माझ्याच घरात किंमत नव्हती. नाही कशी? नको तितकी होती. मी "वाचाल" म्हटलं तरी मरण, "माहीत नाही" म्हटलं तरी मरण. मी चरफडत राहिलो.

जहाज थांबणार नव्हतं. निघायच्या दिवशी नाना माझी पेटी उचलायला धडपडत एसटीपर्यंत आले. मी खिडकीतून शेवटचं विनवलं, "नाना, धुळाले जा."

"तू तुनं समिंदर देख," ते म्हणाले. "मनी काळजी नको करू."

गाडी हलली. सगळ्यांनी हात हलवले. नानांनीही हात वर केला, पण मूठ घट्ट मिटलेली होती. मला परत पाहावं लागू नये म्हणून.