पट्टी नसलेल्या बाटल्या

मच्छिंद्र सोडावॉटरच्या कारखान्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा नूरमहंमद गोटीसोड्याच्या बाटल्या उजेडात धरून तपासत होता. त्यानं मान वर केली, माणूस ओळखला आणि पुन्हा बाटलीत बघू लागला. पंधरा वर्षांनी समोर आलेल्या या माणसाला बस म्हणायची त्याची इच्छा नव्हती.

"नूरभाई, वळखलं का?"

"वळखलं. काम बोल."

मच्छिंद्र अंगानं सुटला होता. टेरिकॉटचा शर्ट, बोटात अंगठी, तोंडात पान. नाशिक-पुणे रस्त्यावर तो परमिट रूम काढणार हे संगमनेरात सगळ्यांना ठाऊक होतं. कामाची गोष्ट त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकली. भंडारदऱ्याचा कंपनीचा बंगला विकायला निघाला होता. तिथल्या खोलीत शेवटच्या साहेबानं त्याच्या मुलखातून, ऑस्ट्रेलियातून आणलेली लाल वाईन पडून होती. एकोणसाठ बाटल्या. सगळा ढीग एकदम लिलावात निघणार होता.

"चांगली हाय का मेली, ह्ये कोन सांगनार? मागल्या म्हयन्यात एक बाटली फोडून दावली त्यांनी. मी बशीत वतली आन् काडी लावली. काडीच इजली!"

"ती काय हातभट्टी हाय, काडी लावायला?" नूरमहंमद म्हणाला. "वाईन पेटत न्हाई, येड्या."

"म्हनून तर आलो. नाशिकचा एक हॉटेलवाला टपून बसलाय. म्हंजे कायतरी असंल तिच्यात. तुमी दोन घोट घ्या आन् सांगा. तुमाला तर चव ठावी हाय."

नूरमहंमदनं हातातली बाटली खाली ठेवली, ती फेकून मारू नये म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी याच तोंडानं हेच म्हटलं होतं, आणि आज काम पडल्यावरही त्या तोंडाला त्याची लाज नव्हती.

"चालता हो."

"ऐका तर. माल पडून पडून खराब झाला असंल, असं नका समजू. साहेब गेल्यापास्नं खोली बंद. कुलपाला लाखेचं सील, किल्ली माझ्या कमरंला. मागल्या म्हयन्यात इन्स्पेक्टरनं सील तोडलं, तवर आत माशी गेली न्हाई."

नूरमहंमदनं खाली ठेवलेली बाटली पुन्हा उचलून उजेडात धरली. मग त्यानं विचारलं, "तू लावलेल्या पट्ट्या हायेत का अजून?"

"हायेत की. डिंकानं चिकटवल्यात, कुठं जात्यात?"

"मग येतो. पन आदी न्हाई. लिलावाच्या दिशी, सगळ्यांम्होरं बघनार."

मच्छिंद्रला ते आवडलं नाही, पण दुसरा जाणकार जिल्ह्यात नव्हता. "मला नुसती डोळ्यानं खूण करा," असं हळूच सांगून तो गेला.

नूरमहंमद त्या बंगल्यावर आबदार होता. साहेबांच्या दारूची खोली सांभाळणारा, कुठली बाटली आज काढायची, कुठली अजून चार वर्षं झोपू द्यायची हे ठरवणारा. वीस वर्षांत एक थेंब त्याच्या जिभेला लागला नव्हता. मेणबत्तीच्या उजेडात रंग बघायचा, बूच चेपून बघायचं, नाक लावायचं, बस्स. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, हराम वस्तू हाताळतो, पण पीत नाही, आणि तेवढ्यावर त्याला मान होता.

मग अठ्ठावन्न साली साहेब मायदेशी निघाला आणि जाताना त्यानं खोली तपासली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या आठ बाटल्यांत दारू दोन बोटं कमी होती. वरचं वेष्टण मात्र जसंच्या तसं. स्टोअर सांभाळणारा मच्छिंद्र पुढं झाला आणि म्हणाला, साहेब, बुचातून इंजेक्शनची सुई घालून हा रोज पितो. त्यानं तसं लिहूनही दिलं. नूरमहंमदनं सांगून पाहिलं, की भिंत तापते, बूच सुकतं, बाटली आपोआप उतरते. साहेब हसला. मच्छिंद्र त्याच्याहून मोठ्यानं हसला. नूरमहंमदला त्याच दिवशी काढलं, त्या आठ बाटल्या फेकून दिल्या, आणि पुन्हा चोरी नको म्हणून साहेबानं मच्छिंद्रला प्रत्येक बाटलीवर दारूच्या उंचीला कागदाची पट्टी चिकटवून सही करायला लावली. नूरमहंमद पेटी डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा मच्छिंद्र पट्ट्या कापत बसला होता.

बातमी त्याच्या आधी संगमनेरात पोचली. सकीनाचं, त्याच्या लेकीचं, ठरलेलं लग्न महिन्याभरात मोडलं; पिणाऱ्याची पोर नको म्हणाले. तिला पुढं दूर जामखेडकडं बिजवराला द्यावी लागली. हे सगळं नूरमहंमदनं गिळलं. एक गोष्ट मात्र त्याला गिळता आली नाही. तो संध्याकाळी घरी आला की बायको, मुबारकबी, त्याला पाण्याचा तांब्या द्यायची आणि देताना जरा जास्त वाकायची. त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. पंधरा वर्षांत तिनं तोंडानं एकदाही विचारलं नव्हतं, आणि एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता, आणि त्या खोलीची किल्ली मच्छिंद्रच्या कमरेला होती.

लिलावाच्या दिवशी तो पहिल्या एसटीनं राजूरला उतरला आणि पुढं मिळेल त्या ट्रकनं बंगल्यावर पोचला. दुष्काळाचं साल, धरणाचं पाणी खोल गेलेलं. पण बंगल्याच्या मागची खोली अजून तशीच थंड होती. आत दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर होते, फाईल घेतलेला कंपनीचा एजंट होता, सफारीतला नाशिकचा हॉटेलवाला होता, आणि मच्छिंद्र सगळ्यांच्या पुढं, जणू खोली त्याच्या बापाची होती.

"ह्ये आमचे जुने आबदार," तो एजंटला म्हणाला. "ह्यांना चव लई कळती."

नूरमहंमदनं मेणबत्ती मागितली. फळ्यांवर एक्केचाळीस बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्याला पिवळी पडलेली पट्टी. खाली दोन खोक्यांत अठरा बाटल्या भुश्यात आडव्या होत्या, त्यांना पट्टी नव्हती. त्यानं पहिली उभी बाटली उचलली आणि मेणबत्ती मागं धरली.

पट्टी गळ्याला होती. दारू तिच्या खाली तीन बोटं होती.

त्यानं दुसरी उचलली. चार बोटं. तिसरी, तीन. मेणबत्तीचं मेण मनगटावर सांडत होतं, ते त्याला कळलं नाही.

"इन्स्पेक्टरसाहेब," तो म्हणाला, "ही पट्टी कुनाची, इचारा."

"माझीच की," मच्छिंद्र फुशारकीनं म्हणाला. "साहेबानं सांगितलं तशी दारूच्या बरोबर उंचीला लावली. सही बगा."

"बरोबर उंचीला?"

"तसूभर हिकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"मग ह्ये बगा, साहेब." नूरमहंमदनं मेणबत्ती जवळ आणली.

इन्स्पेक्टर वाकले. एजंट वाकला. एकामागून एक त्यांनी सात-आठ बाटल्या पाहिल्या. एजंट सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"मच्छिंद्र, प्रत्येक बाटलीत दारू कमी आहे. किल्ली तुझ्याकडं होती."

"सील हुतं की वो! तुमीच बगितलं!"

"लाखेचं सील बनवायला कितीसा वेळ लागतो? आणि बाटलीचं म्हणशील, तर वेष्टण न फाडता सुईनं दारू काढता येते, हे तूच लिहून दिलं आहेस." एजंटनं फाईल उघडली आणि पिवळा कागद वर काढला. "ही तुझीच सही ना? पट्टीवर आहे तीच?"

मच्छिंद्रचं पान गालातच राहिलं. त्यानं इन्स्पेक्टरांकडं पाहिलं. ते खिशातलं पेन काढत होते. नाशिक-पुणे रस्त्यावरची त्याची परमिट रूम, तिचा अर्ज, अंगठी, सगळं त्या पेनाच्या टोकाला आलं होतं.

"अवो, कुनी प्यालं न्हाई!" तो ओरडला. "बूच सुकतं! सुकल्यावर दारू उडून जाती! बाटली आपसूक उतरती, साहेब, आईच्यान आपसूक उतरती!"

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं.

"पुन्ना म्हन," नूरमहंमद म्हणाला.

"काय?"

"आत्ता म्हनलास ते. पंधरा वर्सांमागं, ह्याच जाग्यावर हुबं राहून मी ह्येच सांगत हुतो. तू हसत हुतास. पुन्ना म्हन, मला नीट ऐकू दे."

मच्छिंद्रनं मान फिरवली. इन्स्पेक्टरांनी वही उघडली. मग त्यांनी नूरमहंमदला विचारलं, "तुम्ही जाणकार आहात. ही दारू सुईनं काढलेली आहे, की आपोआप उतरली आहे? तुम्ही सांगाल तसं मी लिहितो."

आता मच्छिंद्र नूरमहंमदच्या मुठीत होता, आणि हे सगळ्यात आधी मच्छिंद्रलाच कळलं. तो हात जोडायच्या बेतात आला. त्याच्याकडं बघताना नूरमहंमदला दया आली नाही. मोडलेलं लग्न आठवलं, वाकलेली बायको आठवली, आणि सुई हा शब्द त्याच्या जिभेवर अगदी तयार होऊन बसला.

"आपसूक उतरली," तो म्हणाला. "लिवा तसं. माझं नाव ह्याच बाटल्यांत अडकलं नसतं, तर मी सुईच म्हनलो असतो. ह्यानं ध्यानात ठेवावं."

हॉटेलवाला खाकरला. "ते ठीक. पण माल घेण्यासारखा आहे का?"

"पट्टी लावायला ह्यानं बाटल्या हुब्या केल्या, आन् हुब्याच ठेवल्या," नूरमहंमद म्हणाला. "बाटली आडवी पायजे. दारूनं बूच ओलं ऱ्हातं, तवर हवा आत शिरत न्हाई. ह्या एक्केचाळीस सुकून मेल्या. वास घ्या, दारू आंबून शिरका झालाय, बुचातनंच कळतंय." मग तो खोक्यांपाशी खाली बसला. एकेक बाटली आडवीच उचलून त्यानं बूच चेपलं, मेणबत्तीसमोर रंग पाहिला. "ह्या अठरा खोक्यातनं भाईर काढायचा ह्यानं कंटाळा केला. पट्ट्या संपल्या असत्याल, न्हाईतर हात दुखला असंल. दारू गळ्यापत्तर हाय, रंग उडालेला न्हाई, कडंला इटकरी पडलाय तेवढाच. जिच्यावर मच्छिंद्रची पट्टी, ती मेली. जिच्यावर न्हाई, ती चांगली. आनि चांगली म्हंजे यंदा-पुढल्या वर्सापत्तर. मग ती बी जाईल."

हॉटेलवाल्यानं अनामत भरून अठरांतली एक तिथंच उघडली. ग्लासात थोडी ओतली, घोट घेतला, आणि लगेच दुसरा घेतला. "न चाखता सांगितलंत तुम्ही," तो म्हणाला.

"कदी चाखली न्हाई."

बोली सुरू झाली. मच्छिंद्रला अजूनही वाटत होतं की यात नूरमहंमदचा काहीतरी डाव आहे, आणि काडी विझली होती तेच खरं. ज्याला बोलावून आणलं त्याच्यावरच त्याचा विश्वास नव्हता. त्यानं एकदाही बोली लावली नाही आणि सगळा ढीग हॉटेलवाल्याला गेला. जाताना मच्छिंद्र नूरमहंमदच्या जवळून गेला. "झालं समाधान?" त्यानं दातओठ खात विचारलं.

"न्हाई," नूरमहंमद म्हणाला. "तुला बगून कवाच हुनार न्हाई."

हॉटेलवाल्यानं मेहनतीचं काय देऊ विचारलं, तेव्हा त्यानं एक उभी बाटली मागितली, पट्टी असलेली, न उघडलेली. इन्स्पेक्टरांनी बूच हुंगलं आणि चिठ्ठी लिहून दिली, की हा शिरका आहे, दारू नव्हे. शिरका हराम नाही, म्हणून तो घरात न्यायला नूरमहंमदलाही अडचण नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं बाटली ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. मुबारकबी तांब्या घेऊन बाहेर आली आणि बाटली बघून दारातच थांबली.

"ह्ये काय आनलंत?"

"शिरका हाय. जवळ ये. ही मच्छिंद्रची पट्टी, ही त्याची सही. खोली बंद, किल्ली त्याच्याकडं. आता दारू कुठवर हाय ते बग."

तिनं तांब्या खाली ठेवला. बाटलीशी बसून एक बोट पट्टीवर ठेवलं, मग तेच बोट काचेवरून हळूहळू खाली नेलं, आतल्या काळसर रेषेपर्यंत. बोट तिथं गेलं आणि तिथंच राहिलं.

"आपसूक?" तिनं विचारलं.

"आपसूक. त्यो सोताच वरडून बोलला, चार मान्सांत."

नूरमहंमदला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट पंधरा वर्षांचा राग एकदम वर आला, आणि तो मच्छिंद्रवरचा नव्हता.

"रोज माझ्या तोंडाचा वास घ्यायचीस तू," तो म्हणाला.

मुबारकबीनं मान खाली घातली नाही. "घ्यायची."

"कदी आला?"

"न्हाई. एक दिस बी आला न्हाई."

"मग?"

"तरी बी घेत ऱ्हायले," ती म्हणाली.

तिनं डोळे पुसले, तांब्या उचलला आणि त्याच्यापुढं धरला, पूर्ण हात लांबवून, पाठ ताठ ठेवून. त्यानं पाणी घेतलं. मग तिनंच बाटली उचलून ओट्याच्या कडेला नेली आणि पट्टी रस्त्याकडं करून ठेवली.