चार अधिक एक

"ह्या शेवटच्या सीटवर आधी तुमी बसून दावा," नवनाथ म्हणाला, "मग मला गाडी दावा."

सेल्समन अनिलकुमार हसला. सात सीटर गाडीची मागची तिसरी रांग त्याने नुकतीच मोठ्या कौतुकाने उभी करून दाखवली होती. गळ्यातला टाय सावरत तो म्हणाला, "काका, दोन जण एकदम आरामात बसतात."

"हसू नका. बसा."

बिचारा आत शिरला. गुडघे हनुवटीपर्यंत आले, डोकं छताला लागलं. शोरूममधल्या पोरी तोंडावर हात धरून बघायला लागल्या.

"आता असंच तुळजापूरच्या घाटातनं चला," नवनाथ म्हणाला. "तिथं उलटी झाली की डायवरलाच पुसाय लावत्यात. म्हाईत हाय का तुमाला?"

नवनाथला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं तो एका टॉवेल कारखानदाराच्या मोठ्या गाड्या चालवत होता. मालकांनी चार गाड्या बदलल्या, ड्रायव्हर तोच ठेवला. त्या गाड्यांतून मालकांचे साडू, मेव्हणे, विहीण, विहिणीची बहीण असे कोण कोण फिरले याचा हिशेब खुद्द मालकांनाही लागला नसता. लग्नाला गेलं की मालकीणबाई जेवणाच्या मांडवात शिरण्याआधी बोटाने माणसं मोजायच्या. "सात जण आहोत आम्ही." तो आठवा किल्ली हातात घेऊन तिथेच उभा असायचा. पंगती उठल्यावर कुणीतरी पत्रावळीवर गार भात आणून द्यायचं, तेही आठवण झाली तर. त्या भातासकट नवनाथने बराच राग गिळला होता, आणि गिळलेला राग काही पचत नाही. तो आता अनिलकुमारच्या टायवर निघत होता.

"बाबा, का भडकायलात त्यांच्यावर?" दिपक हळूच म्हणाला. दिपक त्याचा एकुलता एक मुलगा, झेडपीत क्लार्क. घरातली पहिली गाडी त्याच्या नावावर व्हायची होती आणि त्याला मोठीच हवी होती. "पाहुणे येतेत, लग्नं असतेत. मोठी असली की सगळ्यांना उपयोग होतो की."

"सगळ्यांना हुतो, तेच तर! भवानी पेठंत सात सीटर हुबी केली की ती घरची गाडी ऱ्हात न्हाई, भाड्याची वडाप हुती. ह्याची सोयरीक, त्याचा दवाखाना. रातच्याला दार वाजवत्याल. आन गल्लीत वळवनार कशी? नगं. आपल्या घरापुरती घ्याची."

"घरात माणसं किती, काका?" अनिलकुमारने कसंबसं बाहेर येत विचारलं.

नवनाथने बोटांवर मोजलं. "दिपक चालवनार. आमची म्हातारी, मंडळी, सूनबाई, नात. चार अधिक एक. पाच सीटर बास झाली."

धंद्यातला हिशेब. टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर असंच मोजतात: सवाऱ्या किती, अधिक चालवणारा एक. हिशेब इतका चोख होता की कुणी तो पडताळला नाही. शेजारी उभी असलेली त्याची बायको चांगुणा तेवढी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर सारखा करून दुसरीकडे बघायला लागली. दिपकने तोंड पाडून छोट्या गाडीच्या कागदांवर सही केली.

तीन आठवड्यांनी, रविवारी, गाडी हातात मिळायची होती. तिथूनच तडक मंद्रूपला जायचं ठरलं. नवनाथच्या आईचं, भीमाबाईचं, ते माहेर. तिच्या भावाला गाडी दाखवायची, जेवण तिथेच. नवनाथने मालकांकडे पूर्ण दिवसाची सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "नेमकी रविवारीच?" नवनाथ म्हणाला, "व्हय, रविवारीच." नोकरीत इतकं ठसक्यात तो पहिल्यांदाच बोलला होता. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

घरचे पाच जण रिक्षाने शोरूमला आले, तो आपल्या जुन्या स्कूटरवर. शोरूमवाल्यांनी नारळ फोडायला काढला, चाकांखाली लिंबं ठेवली. भीमाबाई म्हणाली, "ती लिंबं उचल बाबा. आमच्यात न्हाई चालत." तिने पिशवीतून मेणबत्ती आणि अगरबत्ती काढली. सगळ्यांनी हात जोडून बुद्धवंदना म्हटली. अनिलकुमारनेही जोडले.

मग सगळे गाडीत बसले. दिपक स्टीअरिंगवर, शेजारी वैजयंती, त्याची बायको. मागे भीमाबाई, चांगुणा आणि नात संघप्रिया. संघप्रिया बारा वर्षांची, पण आजीच्याही खांद्यावरून बघणारी. भीमाबाईचा गुडघा वाकत नसल्यामुळे तिने पाय तिरका पसरला होता. मागे आता सुई शिरायलाही जागा नव्हती.

नवनाथने चारी दारं एकेक करून लावली, ओढून बघितली. आईचा पदर दारात अडकला होता, तो आत सारला. मग टपावर दोनदा थाप मारून म्हणाला, "चला!" गाडी फाटकातून बाहेर पडली. पोरगं क्लच बरा सोडतं म्हणून तो स्वतःशीच खूश झाला.

"काका," फाटकावरचा वॉचमन येडू म्हणाला, "तुमची मंडळी गेली की. तुमी ऱ्हायलाव."

"जात्यात की पुढं," नवनाथ म्हणाला. आणि मग तो तिथेच थांबला. त्याने पुन्हा बोटांवर मोजलं. दिपक, म्हातारी, चांगुणा, सूनबाई, पोरगी. पाच. हात तसाच धरून तो मोजणाऱ्या अंगठ्याकडे बघत राहिला. नदी ओलांडून एकमेकांना मोजणाऱ्या मूर्खांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. मोजणारा स्वतःला विसरतो, तेवढाच त्यातला विनोद. पण त्या गोष्टीतले मूर्ख, माणूस हरवला म्हणून काठावर बसून रडतात तरी! इथे कुणी मागे वळूनही बघितलं नव्हतं.

त्याचं डोकं सणकलं. मालकांच्या घरचं सोड, ते परके. पण ही आपली माणसं! सहा तोंडांच्या घराला पाच सीटांची गाडी घेतली आणि तीन आठवड्यांत एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाबा कुठं बसणार? सून नर्स आहे, दिवसभर गोळ्या मोजते. पोरगं क्लार्क, आकडेमोडीचाच पगार खातं. आणि हिशेब चुकवला तो कुणी? तर आपणच. या शेवटच्या विचाराने तो जास्तच पेटला, कारण त्यावर ओरडायला समोर कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. दिपक होता.

"बाबा, कागदांची पिशवी तुमच्याकडंच राहिली का हो?"

पिशवी त्याच्या खांद्याला होती. म्हणजे पाच मिनिटांत आठवण झाली ती कागदांची.

"हाय," तो म्हणाला.

"मग सांभाळून आणा. स्कूटर सावकाश चालवा. आम्ही होतो पुढं."

"गाडी बाजूला घे."

"काय झालं?"

"बाजूला घे म्हनतो ना! आईला फोन दे तुज्या."

चांगुणाचा आवाज आला. "काय वं?"

"मी कुटं बसायचं हुतं, चांगुणे?" तो इतक्या जोरात ओरडला की येडू खुर्चीतून उठला. "सांग की! तीन आठवडे झालं, कुनाला सुचलं न्हाई? एवढा मानूस दिसंना झालाय व्हय तुमास्नी?"

मग चांगुणा बोलली, आणि तिचा आवाज त्याच्यापेक्षा चढा होता.

"वरडू नगा. तुमीच मोजलासा तवा. मला वाटलं, ह्यास्नी यायचंच न्हाई. कदी आलाव का आमच्यासंगं कुटं? दिपकच्या लग्नात तुमी मालकीनबाईस्नी पुन्याला सोडाय गेल्तासा. संघीचं नाव ठेवलं त्या दिशी तुमी मालकाच्या साडूला घिऊन गोव्याला. अठ्ठावीस वर्सं मी पोराचा हात धरून यष्टीच्या मागं पळाले, आन तुमी दुसऱ्याच्या बायकांस्नी गाडीची दारं उगडत हुता. मी कुनावर वरडायचं? तुमी नसल्याचीच सवं लागलीया वो आमाला!"

नवनाथचा राग तसाच होता, पण आता तो फेकायचा कुणाच्या अंगावर? मालक बंगल्यात चहा पीत बसले असतील. ते काही चोर नव्हते. पगार वेळेवर द्यायचे, दिवाळीला कापड द्यायचे. त्या कापडाच्या बदल्यात काय काय गेलं, ते आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात येत होतं. त्याला पिशवी रस्त्यावर भिरकावून द्यावीशी वाटली. ती त्याने घट्ट धरून ठेवली.

"गाडी माघारी आना," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी गाडी फाटकापाशी येऊन थांबली. दिपक उतरला, त्याचे कान लाल झाले होते. "चुकलं बाबा," तो म्हणाला आणि त्याने किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा. मी स्कूटर घेतो."

नवनाथने किल्लीकडे बघितलं.

"म्हंजे ह्या गाडीत मला तेवढी एकच जागा हाय व्हय रं? तितं बी डायवर, हितं बी डायवर?"

दिपकचा हात तसाच पुढे राहिला. चांगुणाने मागचं दार उघडून पाय बाहेर टाकला. "तुमी या हितं. मी जाते यष्टीनं."

"तू उतरलीस तर बग!" नवनाथ गरजला. "लई पळालीस यष्टीच्या मागं. बस आत!"

ती बसली. मग पुढचं दार उघडलं आणि वैजयंती खाली आली. तिने गेल्या वर्षीच क्लास लावून लायसन काढलं होतं. नव्या गाडीच्या किल्लीबद्दल तिलाही कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या हातातून किल्ली घेत ती म्हणाली, "मी चालवते. बाबा, तुम्ही माझ्या जागेवर बसा." दिपक बाजूला झाला. नवनाथने खांद्यावरची कागदांची पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली आणि स्कूटरची किल्ली हातावर ठेवली. "चोक वढाय लागतोय," तो म्हणाला.

तो डाव्या बाजूने आत शिरला. ही मालकांची बाजू. इथे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. भीमाबाईने पुढे हात करून त्याच्या खांद्यावर ठेवला, तो त्याने झटकला नाही आणि धरलाही नाही. राग अजून उतरला नव्हता. तो आज उतरणारही नव्हता.

वैजयंतीने गाडी सुरू केली. फाटकाबाहेर हायवेला लागताच तिचा हात गिअरकडे गेला.

"थांब," नवनाथ म्हणाला. त्याच्या बाजूच्या आरशात त्याला नुसतं गाडीचं दार दिसत होतं. सगळं अंग पिळवटून तो मागे वळला आणि आईच्या आणि चांगुणाच्या डोक्यांमधून काचेबाहेर बघत राहिला. मागचे ट्रक हॉर्न देत होते, रिक्षावाले शिव्या घालत पुढे जात होते. दिपकची स्कूटर फाटकातून बाहेर पडून काचेत दिसेपर्यंत त्याने सुनेला दुसरा गिअर टाकू दिला नाही.