मूसच्या रांगेतला पहिला

आमच्या टेंट क्रीक गावात ऑरिन ट्वेटला जो मान होता तो चर्चच्या पाद्र्यालाही नव्हता. कारण एकच. मूसच्या परवान्यासाठी त्याच्याइतके पॉइंट अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हते.

मूस म्हणजे घोड्याहून उंच, परातीएवढ्या शिंगांचं हरीण. ते मारायचा परवाना आमच्या राज्यात आयुष्यात एकदाच मिळतो, तोही दर वसंतात निघणाऱ्या सोडतीत. नंबर लागला नाही की त्या वर्षाचा एक पॉइंट नावावर जमा होतो. ज्याचे पॉइंट जास्त, तो पुढे. ऑरिन रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा, तेव्हापासून पॉइंट साठवत होता. निवृत्त झाला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कॅफेतली खिडकीजवळची खुर्ची त्याचीच. "काय ऑरिन, यंदा तरी?" असं कुणी विचारलं की कॉफी ढवळत म्हणायचा, "रांग आहे बाबा. रांगेत उभं राहायला दम लागतो."

आणि एका हिवाळ्यात शिकार खात्यानं नियम बदलायचं काढलं. निम्मे परवाने पॉइंटांच्या रांगेनं द्यायचे, निम्मे सरसकट सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून. शिवाय पुरेसे पॉइंट असूनही जो वर्षानुवर्षं परवाना मागत नाही, त्याचे पॉइंट रद्द.

सुनावणी अग्निशमन केंद्रात ठेवली होती. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. माझं हार्डवेअरचं दुकान समोरच, त्यामुळे हीटर माझा होता आणि पुढची जागाही. ऑरिन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खात्याच्या मॅरेन केसल बाईंसमोर तो उभा राहिला.

"आम्ही तरुणपणापासून थांबलोय," तो म्हणाला. "आता काल आलेल्या पोराची चिठ्ठी निघणार आणि आम्ही बघत बसणार? मग धीर धरण्याला काही किंमत आहे की नाही?"

टाळ्या पडल्या. मग शाळेतली जॅनेल उब्रिक उठली. चौथीच्या मुलांना शिकवते, आणि मोठ्या माणसांशीही तशीच बोलते. "ऑरिन, तुमचं खरंय. पण आत्ताच्या चालीनं माझा नंबर लागेल तेव्हा मी नव्वदीत असेन. मूसलाच माझ्या व्हीलचेअरपर्यंत चालत यावं लागेल."

"घाई कसली एवढी, पोरी? मी थांबलोच ना?"

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. ऑरिनच्या बायकोचा, लिओटाचा.

"बाई, एक शंका आहे. परवाना मागायचाच नाही, नुसता त्या वर्षाचा पॉइंट पदरात पाडून घ्यायचा, असं करता येतं ना?"

"येतं," केसल बाई म्हणाल्या.

"मग ज्याला केव्हाचाच परवाना मिळाला असता, पण जो दरसाल नुसता पॉइंटच मागतो, तो माणूस रांगेत उभा आहे म्हणायचं, की रांगेच्या तोंडाशी पथारी टाकून झोपलाय म्हणायचं?"

"असा कोण आहे?" कुणीतरी ओरडलं.

"नाव कशाला घेऊ? रात्री जेवायला घरीच असतो."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक मान ऑरिनकडे वळली. त्याचे कान बंबाच्या रंगाचे झाले होते. असा हशा पिकला की केसल बाईंनाही कागदाआड तोंड लपवावं लागलं.

पुढचं लिओटानं मला सांगितलं. अंगणात पिकअपचं इंजिन बंद करून तो तिच्याकडे वळला.

"सगळ्या गावासमोर, लिओटा?"

"घरात किती वेळा विचारलं? मागत का नाहीस?"

तो म्हणाला, "एकदा मारला की संपलं. मग पुढच्या वसंतात कशाची वाट बघू? आणि नेम चुकला तर? कॅफेत कसा जाऊ?"

"नेम चुकला तर घरी कॉफी पी. पण वाट बघताबघता तुझे गुडघे संपतील, ते कुठल्या सोडतीत मिळणार?"

त्या वर्षी त्यानं परवाना मागितला. अर्थातच मिळाला.

शरद ऋतूत तो आणि लिओटा डोंगरावर चढले. ओझं उचलायला तरुण माणूस हवं, म्हणून ऑरिननं मानेला झटका देत जॅनेललाच विचारलं होतं. धुकं विरळ झालं तसा विलोच्या झुडपांपलीकडच्या तळ्यात त्यांना मूस दिसला. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून शेवाळ खात होता.

"थांबा," जॅनेल कुजबुजली. "बाहेर येऊ दे त्याला."

इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला नेमकं तेवढंच थांबवलं नाही. बार झाला. नेम अचूक होता. मूस जागच्या जागी कोसळला, तळ्याच्या मधोमध.

पाणी शांत झाल्यावर लिओटा म्हणाली, "उभा जन्म थांबलास, अजून दोन मिनिटं नाही निघाली?"

जॅनेलनं पिकअपपाशी उतरून मला फोन केला. मी ओझी ओढायची, हातानं फिरवायची चरखी आणि दुकानात होता तेवढा दोर घेतला. वाटेत माणसं गोळा करून कॅफे रिकामा केला. वर पोचलो तेव्हा ऑरिन छातीभर गार पाण्यात उभा होता, दात वाजत होते, पण शिंगं काही सोडत नव्हता. जणू सोडली तर पळून जाईल. आम्ही ओढलं, घसरलो, एकमेकांना शिव्या दिल्या. मूस काठाला लागला तेव्हा अख्खं गाव चिखलात लोळलेलं होतं. ऑरिननं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. डोळ्यांतलं पाणी तळ्याचं आहे, असं त्यानं आम्हाला सांगितलं. आम्हीही मान डोलावली.

मांस घरोघरी वाटलं. जरा चिवट होतं. पण तसं बोलायची कुणाची छाती झाली नाही.

दरम्यान खात्यानं नवा नियम मंजूर केला, निम्म्या चिठ्ठ्यांसकट. पुढच्या वसंतात सोडतीच्या दिवशी जॅनेल मधल्या सुट्टीत माझ्या दुकानात आली. ऑरिन सकाळपासूनच खिळ्यांच्या पिंपापाशी घुटमळत होता. तिनं फोन उघडला तसा तो तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला.

"नाही लागला," ती म्हणाली.

"नाही कसा? नीट बघ!"

"पुढच्या वर्षी बघू, ऑरिन."

"पुढच्या वर्षी काय? ही काय पद्धत झाली? एवढी चांगली मुलगी, आणि यांना हिची चिठ्ठी सापडत नाही?" तो माझ्याकडे वळला. "केसल बाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव फोन. आत्ता लाव."

जॅनेल हसत शाळेकडे पळाली. मी फोन लावला नाही, पण "लागेपर्यंत बस," म्हणत त्याला स्टूल दिलं.