वहीतला भाव आणि दारातला भाव

एक होता काचकारखान्यातला भट्टीवाला, एक होती त्याची बायको, एक होती त्यांची लेक. आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या रजईखाली, होतो मी. मी शेअरचा दाखला बोलतोय. चाळीस शेअरचा. आहे कागदच, पण कागदालाही राग येतो. माझा मात्र अजून गेलेला नाही.

माझा जन्म अडचणीतला. त्या साली कारखान्याची मोठी भट्टी तडकली आणि मालकाकडे पगाराला दमडी उरली नाही. त्यानं कामगारांना अंगणात बोलावलं. म्हणाला, "पगार नाही, पण कारखान्यात हिस्सा देतो. घ्या नाहीतर सोडा." बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. भट्टीवाल्यानं मला छातीशी धरून घरी आणलं.

बायको म्हणाली, "हे खायचं कसं? तळून का भाजून?"

"ठेव गं. भट्टी पेटली की याचंही नशीब पेटेल."

"पेटायचंच असेल तर आत्ताच चुलीत घालते!"

पण घातलं नाही. पेटीत ठेवलं. भट्टी दुरुस्त झाली, कारखाना उभा राहिला, वर्षाकाठी माझ्यापोटी थोडे पैसे येऊ लागले. त्यातूनच लेकीची पहिली शिलाई मशीन आली. पुढे भट्टीवाला वारला. मायलेकी भाड्याच्या एका खोलीत जाड कापडाच्या पिशव्या शिवू लागल्या. लेकीचा हात असा की एक टाका वाकडा दाखवा.

मग यंदा घरमालक दारात आला. "खोली विकायचीय. तुम्ही घेता तर पावणेदोन लाख, नाहीतर महिनाअखेर मोकळी करा." मायलेकींकडे कुठले एवढे? दुसरीकडे एक पत्र्याची पडवी भाड्यानं मिळत होती, तिच्या अनामतीलाच आठ हजार लागत होते. तिथे उजेड नाही, ओल फार. कापड कुजणार, गिऱ्हाईक तुटणार. आईला रात्रीचा घास जाईना.

आणि नेमका तेव्हाच तो उगवला. नाव काही असो, मी त्याला गुळबोल्या म्हणतो. एका मोठ्या कंपनीचा माणूस. त्या कंपनीकडे आमच्या कारखान्याचे बरेच शेअर आधीच होते, उरलेले ती घरोघरी फिरून गोळा करत होती.

"मावशी, हा कागद बाजारात विकला जात नाही. कुत्रं विचारणार नाही याला. पण भट्टीवाल्या काकांचा मान म्हणून एका शेअरला दोनशे देतो. चाळीसचे आठ हजार. परवा येतो, सही तेवढी तयार ठेवा."

आठ हजार! आईच्या गरजेचा आकडा त्याला कोणी सांगितला देव जाणे. जाताना ऐट मारायला कंपनीचं वार्षिक पुस्तक ठेवून गेला. गुळगुळीत, जाड पानांचं. "बघा, किती मोठी कंपनी आहे आमची. पैसे बुडायचे नाहीत."

लेकीनं पुस्तक चाळलंही नाही. तिनं पानं फाडली आणि त्यांचे पिशवीच्या खिशाचे खाके कापले. जाड कागद फुकट मिळाला, तो वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. हिशेब तपासणारी बाई, फायली न्यायला पिशव्या घेणारी. चष्मा सावरून ती टेबलावरचा खाका वाचू लागली.

"ताई, हे पान कुठलं? यात तुमच्या काचकारखान्याचे शेअर लिहिलेत. एकाची वाजवी किंमत चार हजार सहाशे."

मशीन थांबली. आई म्हणाली, "अहो, तो तर म्हणतो कुत्रं विचारत नाही!"

बाई स्टुलावर बसली. "कंपन्यांना वर्षअखेर आपल्याकडचे शेअर आजच्या भावानं मांडावे लागतात, काकू. भाव वाढला की ती वाढ कमाई म्हणून दाखवतात. बाजारात भाव असेल तर तो घ्यायचा. नसेल तर कारखान्याची कमाई बघून काढायचा. राजीखुशीचा घेणारा, राजीखुशीचा देणारा, दोघांना सगळं ठाऊक, कोणाच्या मानेवर सुरी नाही, तर सौदा कितीला होईल? ती वाजवी किंमत. सहज विकला जात नाही म्हणून जे कमी करायचं तेही कमी करून हा आकडा आलाय. खाली लिहिलंय बघा."

ऐकलंत? कमाई दाखवताना मी चार हजार सहाशेचा. विधवेच्या दारात मी दोनशेचा. कागद तोच, शाई तीच, भट्टीवाल्याचा घामही तोच! मग बदललं काय? समोरचं माणूस. पत्र्याच्या पेटीत इतकी वर्षं काढली, झुरळांनी कोपरा कुरतडला, पण असा अपमान झुरळांनीही केला नाही.

तिसऱ्या दिवशी गुळबोल्या आला, खिशातून पेन काढतच. आईनं खाका त्याच्यापुढे ठेवला.

तो हसला. "मावशी, तो नुसता हिशेबाचा आकडा असतो. खरा भाव दोनशेच."

"असं? मग द्या दोनशे. पण मला लिहून द्या, की या शेअरचा खरा भाव दोनशे. आणि तुमच्याकडे जितके आहेत ते सगळे पुढच्या पुस्तकात दोनशेनंच मांडा. लिहा, की लगेच सही करते."

त्याचं पेन हवेतच राहिलं. लिहून दिलं तर कंपनीची किती कमाई पुसली जाणार, हे त्याला आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. "साहेबांना विचारतो," म्हणाला आणि चप्पल उलटी घालून गेला.

चार दिवसांनी फोन आला. चार हजार सहाशेनं घेतो. लेक म्हणाली, "आधी पैसे जमा, मग सही."

एक लाख चौऱ्याऐंशी हजार जमा झाले. त्याच टेबलावर, खडू-कात्री बाजूला सारून, आईनं माझ्या पाठीवर सही केली. क्षणभर हात फिरवला. म्हणाली, "जा बाबा. चुलीत घातलं नाही ते बरं केलं."

आता मी निघालोय मोठ्या कंपनीच्या तिजोरीत. माझं मागणं एवढंच. बाबांनो, पुस्तकात जो भाव लिहिता, तोच दारात बोला. ज्याला घाई आहे, त्याच्या घाईचा भाव लावू नका.

मला पाकिटात घालत होते तेव्हा घरमालक खोलीच्या कागदावर सही करत होता. उरलेल्या नऊ हजारांत दुसरी मशीन येते का, ते लेक आईला विचारत होती. आई म्हणाली, "येते की. आणि खिडकीखाली ठेव, उजेड आता आपलाच आहे."