शिवलेलं निळं पान

मी एक जुनी तिकीटवही आहे, मित्रांनो, आणि अजून रागात आहे. इतक्या वर्षांत राग निवायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. नाही निवला. चहाच्या रिकाम्या डब्यात मला घालून ठेवलंय, तिथे पुदिन्याच्या वासात पडल्या पडल्या मी अजून धुमसते.

माझा जन्म मोरोक्कोतल्या उज्दा गावात, एका प्रवास कचेरीच्या टेबलावर झाला. चार पानं आणि एक पुठ्ठा. हिरवं पान उज्दा ते तंजा या आपल्याच देशातल्या गाडीचं, निळं समुद्र ओलांडणाऱ्या बोटीचं, पिवळं स्पेनच्या गाडीचं आणि गुलाबी फ्रान्सच्या गाडीचं. तीन देश आणि एक समुद्र माझ्या एका पिनेत बांधलेले! मला फार अभिमान वाटला होता. पुठ्ठ्याच्या मागे बारीक फ्रेंच अक्षरांत एक ओळ छापली होती : वहीतून सुटं केलेलं पान रद्द. कारकुनाला ती तोंडपाठ होती. पण मला विकत घेणाऱ्या फाद्माला अक्षरओळख नाही हे दिसत असूनही त्याने ती वाचून दाखवली नाही. "चला, पुढचा!" एवढंच म्हणाला. माझा पहिला राग त्याच्यावर.

फाद्माचा नवरा मिमून फ्रान्समध्ये कोळशाच्या खाणीत होता. दोन वर्षं अर्ज करून त्याने बायकोला बोलावण्याचा कागद मिळवला होता. शुक्रवार संपायच्या आत फ्रान्सची हद्द ओलांडली तरच तो कागद खरा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यासाठी गुरुवारची बोट मिळायलाच हवी होती.

निघायच्या आदल्या दुपारी तिची सासू यामिना मला मांडीवर घेऊन बसली. त्या घरची रीत अशी, की प्रवासाला निघताना मोलाची वस्तू एका जागी ठेवायची नाही.

"अगं, चोराला एक जागा सापडली तर एकच जाऊ दे," म्हातारी म्हणाली. "सगळं एका पिशवीत घालून जाणारीला काय म्हणावं?"

"पण लाल्ला, ही वही अशी फाडायची?" फाद्माने सासूला अदबीने विचारलं.

"मी माझे दागिने तीन जागी शिवून हज करून आले. मला शिकवतेस?"

आणि तिने माझी चारही पानं टराटरा सुटी केली. हिरवं रुमालात, निळं कमरेच्या पट्ट्याच्या अस्तरात, पिवळं न् गुलाबी झग्याच्या दुमडीत शिवलं. उरलेला पुठ्ठा भाकरीच्या पिशवीत गेला. म्हातारीवर मी रागावले नाही. तिने मायेनेच केलं होतं.

गाडीत तिकीट तपासनीस आला. त्याने सुटं हिरवं पान पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि टोचून परत दिलं. "बोटीवर बघतील ते," तो पुटपुटला. फाद्माने दिलेली उकडलेली अंडी मात्र मिटक्या मारत खाल्ली. त्याला माहीत होतं, मित्रांनो! वाटेत कुठेही दोन शब्द सांगता आले असते.

तंजाच्या बंदरावर गुरुवारी सकाळी पूर्वेचा वारा सुटला होता. त्यामुळे त्या दिवशी एकच बोट जाणार होती. फाद्माने पट्ट्याचं अस्तर उसवून निळं पान खिडकीत सरकवलं.

"सुटं आहे. चालणार नाही," आतला अधिकारी म्हणाला.

"साहेब, ही बघा ना वही, हे तिचंच पान. एकाच आईची लेकरं."

"नियम मागे छापलाय. वाचता येत नाही?"

"वाचता आलं असतं तर फाडलं असतं का?"

"नवं तिकीट काढ, नाहीतर बाजूला हो."

नव्या तिकिटाला पैसे कुठून आणणार? ती बाजूला झाली. क्षणभर मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने डोक्याच्या रुमालात खोचलेली सुई काढली. तिथेच गाठोड्यावर बसून झग्याची दुमड उसवली, पानं जुळवली, आणि पिठाची पोती शिवतात तशा जाड दुहेरी दोऱ्याने मला शिवायला लागली. सुई आरपार जात होती. रागारागाने घातलेले टाके वाकडे पडत होते. बोटीचा भोंगा वाजला.

ती रांग तोडून खिडकीशी गेली. "आता बघ."

"हे तर शिवलंय!"

"मग? तुझ्या कोटाची बाहीसुद्धा शिवलेलीच आहे. तिला तू सुटी म्हणतोस का?"

रांगेत हशा पिकला. "अहो सोडा तिला," कुणीतरी ओरडलं, "नाहीतर ही मावशी तुमची बाही उसवून दाखवेल!"

अधिकारी लालबुंद झाला. नियमाप्रमाणे निळं पान वहीतून फाडून घ्यायचं काम त्याचंच होतं. त्याने ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं, तर नुसता कोपरा हातात आला. शेवटी त्याने पानावर धाडकन शिक्का मारला आणि मला तिच्या अंगावर भिरकावलं. बोटीवर चढायची फळी उचलायच्या आत फाद्मा वर पोचली. शुक्रवारी संध्याकाळी तिने हद्द ओलांडली. पलीकडे मिमून उभा होता, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन.

म्हणून माझं निळं पान अजून माझ्यापाशी आहे.

फ्रान्समध्ये खाणकामगारांच्या बायकांसाठी वाचायचा वर्ग होता. फाद्मा दोन हिवाळे तिथे गेली. मग एके दुपारी तिने मला डब्यातून काढलं, पुठ्ठा उलटा केला आणि त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. एकेक अक्षर जुळवत तिने ती मोठ्याने वाचली. मिमूनला वाटलं, बायको खूश होईल. तिचे तर डोळे भरून आले.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं? आणि एकानेही मला आधी सांगितलं नाही?"

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी खिडकीच्या आत बसेल. समोरच्याला वाचता येत नसेल, तर ती ओळ वाचून दाखवा.