सफरचंदांच्या खोलीतलं ऑर्किड

माझ्या नवऱ्याला, सगिंदिकला, ऑर्किडचं वेड लागलं ते ट्रॉलीबस चालवणं सुटल्यावर. आमच्या अल्माटीत बायका म्हणतात, घरात ऑर्किड आलं की पुरुष घराबाहेर पडतो. मी त्याला हे ऐकवलं, तर म्हणाला, "मग दोन कुंड्या तुझ्या बहिणीकडे पाठव. तिचा दादला हलत नाही म्हणून रडत असते बिचारी."

असा हा माणूस. या हिवाळ्यात मात्र त्याच्या फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलल्या आणि चहा न घेताच गेल्या. त्याच सुमारास खिडकीतल्या पांढऱ्या ऑर्किडला दांडी फुटली होती. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. दांडीवर हरभऱ्याएवढ्या कळ्या होत्या. मी मनाशी धरलं, या कळ्या उमलल्या की हा उठून बसेल. कुणी सांगितलं नव्हतं, कशाचा आधार नव्हता. पण एकदा धरलं ते सोडवेना.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी थंडी उतरली. पारा उणे पंचवीसच्या खाली गेला आणि आमच्या जुन्या इमारतीत खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ कोमट पडले. मी बाकीच्या खोल्या बंद केल्या. मोठ्या खोलीत विजेचा हीटर लावला आणि त्याची खाट, माझी गादी, सगळ्या कुंड्या तिथे आणल्या. ज्या झाडांना मी जन्मभर शिव्या घातल्या, त्यांची आता बाळंतिणीसारखी उठबस करू लागले.

तो पडल्यापडल्या हुकूम सोडायचा. "काचेपासून लांब घे. पान गार काचेला टेकलं की संपलं."

"घेतलं."

"हीटरची झळ थेट नको. आणि बशीत पाणी साचू देऊ नकोस, गारठ्यात मुळं कुजतात."

"माझी एवढी काळजी कधी केली होतीस का रे?"

"तू कुठे कुजतेस! लोणच्यासारखी मुरलीयस नुसती."

हसला, आणि मग बराच वेळ खोकला. मी खिडकीच्या फटींत कापूस कोंबला, कुंडीखाली लाकडी फळी ठेवली, ऊन नव्हतं म्हणून वर दिवा टांगला. कळ्या फुगत चालल्या. सकाळी उठले की आधी मी त्याच पाहायची.

मग सासरच्या गावाहून, तलगारहून, धाकले साहेब आले. म्हणजे माझा दीर. नवऱ्याखेरीज सासरच्या माणसांची नावं सुनेने घ्यायची नाहीत, म्हणून लग्न होऊन आले तेव्हा मी त्याला हे नाव ठेवलं होतं. साहेबांच्या मिशा पिकल्या तरी तेच चालू आहे.

"वहिनी, दार उघड! मिशा गोठल्या!"

"गोठू देत. तेवढंच तोंड बंद राहील."

आत आला तो खोकं घेऊन. आमची अपोर्ट जातीची सफरचंदं, लाल, एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. सासऱ्यांनी लावलेल्या बागेतली. बाग विकली गेली होती आणि वसंतात तिथे बंगले उठणार होते, म्हणून ही शेवटची.

"बाल्कनीत नको ठेवू वहिनी, दगड होतील," दीर म्हणाला. "दादाच्या उशाशी असू दे. वासानंच बरं वाटेल त्याला."

सगिंदिकने खोक्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग भावाच्या लाल पडलेल्या कानांकडे. "ये, बस," एवढंच म्हणाला.

खोलीभर वास सुटला. दीर दुसऱ्या दिवशी परत गेला, खोकं तिथेच राहिलं. माझी सासू सांगायची, आजाऱ्यासाठी आणलेलं उंबऱ्याबाहेर काढू नये, आजारी त्याच्या मागोमाग जातो. मी तर खोक्याला हातसुद्धा लावला नाही.

पुढे कळ्या पिवळ्या पडू लागल्या. मी दिवा जवळ घेतला, रात्री माझं पांघरूण खिडकीवर टांगलं. एक कळी गळली. मग दुसरी. थंडीला मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या झोयाला ओढत वर आणलं. ती बाजारात फुलं विकते.

झोया दारातच थबकली. "सफरचंदं? याच खोलीत?"

"मग कुठे? बाहेर गोठतील."

"अगं बये! पिकल्या सफरचंदाच्या वासानं ऑर्किडच्या कळ्या गळतात. थंडीनं नाही गेल्या या. फळवाल्याशेजारी मी माझा गाळा मांडत नाही, तो काय उगाच?" मग खाटेकडे बघून आवाज खाली आणला. "आणि हे तुझ्या नवऱ्यानंच शिकवलंय मला."

सगिंदिकचे डोळे मिटलेले होते. झोपला नव्हता. एवढ्या वर्षांत तेवढं मला कळतं.

झोया गेल्याबरोबर मी खोकं धरून बाल्कनीच्या दाराकडे ओढू लागले. सासूचं म्हणणं गेलं खड्ड्यात. दांडीवर अजून एक कळी शिल्लक होती.

"राहू दे," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं!"

"खोकं आत आलं तेव्हाच."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं? तो गेल्यावर तरी सांगायचंस! मी रात्ररात्र इथे..."

"तेच तर." त्याला दम लागला. मी थांबले. "रोज उठलीस की आधी कळ्या बघायचीस, मग मला. बघायचीस तेव्हा तुझं तोंड उजळलेलं असायचं. त्याची भीती वाटायला लागली मला."

"फुललं असतं रे ते."

"फुललं असतं. आणि मी गेलोच असतो, कुल्झिरा. मग काय केलं असतंस?"

राग आला, इतका आला की त्याला हलवून विचारावंसं वाटलं, माझी आशा मोडायची तुला एवढी घाई का. पण हलवण्याजोगं त्याचं काही राहिलंच नव्हतं.

खोकं होतं तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी त्याला रस्सा भरवत असताना, शेवटची कळी खाली पडली. दोघांनीही पाहिली. मी वाटी बाजूला ठेवली, त्याचं तोंड पुसलं, आणि इतके दिवस जे विचारायचं नाही म्हणून दातांत धरलं होतं ते विचारलं.

"कुठे न्यायचं तुला?"

"तलगारला. आईशेजारी," तो लगेच म्हणाला, जणू कधीपासून वाट बघत होता. "जमीन गोठलीय. खणायला येतील त्या पोरांना आधी पोटभर गरम रस्सा दे. आणि जाड हातमोजे."

मी म्हटलं, देईन.