हिरवे अडतीस टक्के

मी एक आकडा बोलतोय. सांगलीच्या पद्मावतीच्या लॅपटॉपवर, पडद्याच्या तळाशी राहतो. तिला प्रोग्राम लिहून देणाऱ्या एआयच्या डोक्यात किती भरलंय ते टक्क्यांत सांगणं, एवढंच माझं काम. तेही मला धड जमत नव्हतं.

मला पद्मावतीनंच एका दुपारी घाईत बनवलं. तिनं लिहिलेलं आणि एआयनं बोललेलं मी मोजायचो. एआय कामाला बसताना जे नियम गिळतो, मधेमधे ज्या फाईली वाचतो, ते मोजायचं राहूनच गेलं. म्हणजे वजनकाट्यावर एकच पाय ठेवून मी वजन सांगत होतो, तेही ऐटीत, हिरव्या रंगात.

पद्मावती गल्लीला पुराचा इशारा पाठवणारा प्रोग्राम करत होती. पहिलाच नियम तिनं सांगितला: नदीकडच्या बनुबाईंकडे मोबाईल नाही, त्यांचा निरोप शेजारच्या जिनेंद्रला जावा. मागच्या पुरात त्या घरातल्या दोघांपर्यंत होडी उशिरा पोचली होती. आता बनुबाई एकट्या राहतात.

शेजारी तिचे काका आप्पासो बसायचे. सांगलीकराला आकडा दिसला की आयर्विन पूलच आठवतो: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका.

"किती झालं गं?"

"अडतीस, काका."

"मग लिही बिनघोर. इशाऱ्याला अजून दोन हायत."

खरं तर मी त्र्याण्णव होतो. थोड्याच वेळात डोकं भरलं म्हणून एआयनं जागा करायला आधीच्या बोलण्याचा सारांश केला आणि त्यात बनुबाईंचा नियम गळला.

रविवारी पुराच्या इशाऱ्याची तालीम झाली. गल्ली शाळेत जमली, बनुबाई नाहीत. पद्मावती धावत गेली, तर त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"आवं आजी, पूर आलाय असं समजून निघायचं होतं!"

"मला कुनी सांगितलं? पुरालाबी आता आवतन लागतं व्हय?"

पद्मावती हसली नाही. घरी येऊन तिनं एआयचा खरा हिशेब आणि मी, शेजारी शेजारी ठेवले. मला लाज वाटली. तिलाही वाटली असावी. तिनं मला पुन्हा लिहिलं.

आता एआयचे नियमही मोजत असल्यानं, एक अक्षर लिहायच्या आधीच मी एकवीस दाखवतो. आप्पासो वैतागतात, "सुरवातीलाच एवढं? ह्यात भेसळ हाय."

आज दुसरी तालीम. मी शहाऐंशीवर, लालभडक. सगळे नियम पद्मावतीनं वेगळ्या फाईलीत उतरवलेत. आता ती हे भरलेलं संभाषण बंद करून नवं उघडील, मी जाईन. माझं एकच मागणं: लाल दिसलो म्हणून चिडू नका. हिरवा होतो तेव्हा चिडायचं होतं.

फोनवर जिनेंद्र धापा टाकतोय, "ताई, निरोप दिला. आजी कवाच फुडं गेल्या. मीच मागं राहिलोय."